लायब्ररी कार्डावर म्युझियम फुकट बघणं बरं दिसतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकेत लायब्ररी कार्डावर इतिहासाची म्युझियम खरंच फुकट बघता येतात का? आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना असं फुकटात नेणं बरं दिसतं का? पहिल्याचं उत्तर हो. दुसरा प्रश्न वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. माझे सासरे, नाना, पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. ते आले तेव्हा आधी जर्सीला माझ्या साडूकडे उतरले. साडूने नायगारा दाखवला, बसची टूर केली, हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. कशाकशाला किती डॉलर पडले हे सासूबाईंना आमच्याकडे येईपर्यंत पाठ झालं होतं. आमच्याकडे आल्यावर मी नानांना घेऊन गेलो तो थेट गावच्या लायब्ररीत, जवळच्या कॉन्कर्ड गावातल्या इतिहासाच्या म्युझियमचा पास उचलायला.

काउंटरवरच्या बाईंनी माझं कार्ड स्कॅन केलं आणि ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या पाकिटातला पास काढून हातात ठेवला. नानांचा हात तोवर खिशाकडे गेलेला. "अनामत किती?" म्हटलं, नाही. "वर्गणी?" तीही नाही. "मग यांचं चालतं कशावर?" नाना पुणे नगर वाचन मंदिराचे जुने वर्गणीदार, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी रास्त होता. ते वाचनालय १८४८ सालचं. बॉस्टन पब्लिक लायब्ररीची स्थापनाही १८४८ चीच, हे मी सांगितलं आणि कॉन्कर्ड येईपर्यंत गाडीत दुसरा विषय निघाला नाही.

म्युझियममध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर घोड्यावरून खबर देत गेलेल्या पॉल रिव्हिअरच्या त्या प्रसिद्ध रात्रीचा कंदील आहे. १८ एप्रिल १७७५ ला इंग्रज पाण्याच्या वाटेने निघालेत अशी खूण करायला चर्चच्या मनोऱ्यावर दोन कंदील लावले होते, त्यांतला हा एक. नानांनी बघितला, "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. थांबले ते थोरो या अमेरिकन लेखकाच्या मेजापाशी. हिरवा रंग दिलेलं, उतरत्या झाकणाचं साधंसुधं लाकडी मेज. "आमच्या आजोबांकडे दप्तर लिहायला असंच होतं, फक्त त्याला एवढे पाय नव्हते." मग तिथल्या स्वयंसेवक आजींना त्यांनी माझ्यामार्फत गांधीजी सांगायला घेतले. थोरोने गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही म्हणून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली, त्यावर निबंध लिहिला, आणि दक्षिण आफ्रिकेत तो गांधीजींच्या हाती पडला. आजींना ते ठाऊक होतं. वॉल्डन तळ्याकाठी थोरो गीता वाचायचा हेही त्यांनीच उलट नानांना ऐकवलं. दोघांची अशी काही जुंपली, की माझी दुभाष्याची नोकरी संपेना. बाहेर पडताना नाना म्हणाले, "जावईबापू, कर न भरणाऱ्याचं मेज तुम्ही कराच्या पैशांत दाखवलंत."

हा किस्सा त्यांनी गणपतीत जर्सीला सगळ्यांना रंगवून सांगितला. त्यावर साडू काय म्हणाला? "म्हणजे नानांना फुकटात फिरवलंस होय!" पंगत हसली. मी मोदक खात गप्प बसलो, कारण बायकोने टेबलाखालून पाय दाबला होता. आता इथे सांगतो.

पास फुकट नसतो, त्याचे पैसे आधीच कुणीतरी भरलेले असतात. कुठे लायब्ररी स्वतःच्या बजेटमधून म्युझियमची वर्षाची मेंबरशिप घेते, म्हणजे तो खरोखर तुमचा प्रॉपर्टी टॅक्स. भाड्याने राहत असलात तरी घरमालक तो भाड्यातून वसूल करतोच. आमच्या गावात 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी'ची मंडळी जुनी पुस्तकं विकून पास घेतात, आणि त्या विक्रीतून मी दरवर्षी खोकाभर पुस्तकं आणतो. म्युझियमला पैसे आगाऊ मिळालेले असतात. तुम्ही नेला नाहीत तर पास ड्रॉवरमध्ये पडून राहतो. शिवाय लायब्ररीतून पुस्तक आणलं की माणूस रसिक आणि पास आणला की फुकट्या, हा कुठला न्याय?

आता कामाचं. कार्ड तुमच्या नावाचं लागेल, पत्त्याचा पुरावा न्या. पास ऑनलाइन तारखेने बुक होतो. काही घरी छापायचे असतात, काही उचलून परत करायचे असतात. काही लायब्ऱ्या फक्त आपल्या गावकऱ्यांनाच देतात. न्यूयॉर्क शहरात तिन्ही सार्वजनिक लायब्ररी-संस्थांचा मिळून 'कल्चर पास' आहे, २०१८ पासून. तिथे एका संस्थेचा पास वर्षातून एकदाच मिळतो. वॉशिंग्टनला स्मिथसोनियन या संस्थेची म्युझियम सगळ्यांनाच मोफत, तिथे कार्ड काढून मिरवू नका. कॉन्कर्डचा नॉर्थ ब्रिज, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाईचा पूल, हाही नॅशनल पार्कमध्ये असल्याने तसाच मोकळा.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: सगळे पास पूर्ण फुकट नसतात. पुष्कळांवर नुसती सवलत असते आणि किती माणसं चालतील ते ठरलेलं असतं. चौघं जाऊन दोघांचा पास पुढे केलात तर दारात शोभा होईल. लाँग वीकेंडचे पास केव्हाच उडतात, आईवडिलांना मंगळवार-बुधवारी न्या.

घरात कुणी फुकटे म्हणालंच तर त्याच्यासमोर पास नाही, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल ठेवा. माझ्या साडूचं बिल माझ्याहून मोठं आहे, आणि त्याच्याकडे अजून लायब्ररीचं कार्ड नाही.