काल्पनिक जगातल्या रानटी टोळ्यांना खरी वाटेल अशी संस्कृती कशी द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीतल्या जगाच्या उत्तरेला थंड, गवताळ पठार आहे. तिथे सात रानटी टोळ्या आहेत. आत्तापर्यंत त्यांच्याकडे दाढ्या, कातडी अंगरखे, कुऱ्हाडी आणि एक युद्धगर्जना, एवढंच आहे. त्यांना संस्कृती कुठून द्यायची? आणि शेवटच्या भागात सातही टोळ्या एक होऊन दक्षिणेच्या राजधानीवर चालून जातात, ते पटेल असं कसं लिहायचं?

देव, गोंदणं, झेंडे यांना सध्या हात लावू नका. आधी जनावरं मोजा. टोळी कुठे राहते, कधी उठते, कुणाच्या अंगावर जाते, मुली कुठे देते, पाहुण्यापुढे काय ठेवते, हे सगळं कळपावरून ठरतं. कळप पक्का नसला की टोळीला सुचेल ते चिकटवलं जातं आणि शंभर पानांनी तिच्यात शेतकऱ्याचं ताट आणि राजाचा दरबार दोन्ही दिसायला लागतात.

मोजायला मंगोलियातली रीत सोयीची आहे. तिथे सगळं पशुधन मेंढीच्या हिशोबात मांडतात: घोडा म्हणजे ७ मेंढ्या, गाय किंवा याक ६, उंट ५, बकरी ०.९. तुमच्या एका राहुटीत पाच माणसं धरा. त्यांच्याकडे ६० मेंढ्या, ५ गाई, ६ घोडे आणि २ उंट असले, तर ते झालं १४२ मेंढ्यांएवढं धन. अशा ४० राहुट्यांची एक भावकी केली तर माणसं २०० आणि कळप ५,६८० मेंढ्यांएवढा. कोरड्या पठारावर एका मेंढीला वर्षाला दोन हेक्टर कुरण लागतं असं धरून चालू. म्हणजे या २०० माणसांना सुमारे ११४ चौरस किलोमीटर जमीन हवी. पाऊस दगा देईल त्या वर्षी दुप्पट. ही दुप्पट जमीन शेजारच्या भावकीची असते, आणि तुमच्या कथेतलं पहिलं भांडण इथेच आहे.

कथेत गेंडे किंवा केसाळ हत्ती असतील तरी हाच हिशोब लावा. हत्तीएवढ्या जनावराला दिवसाला दीडशे किलो हिरवा चारा लागतो, म्हणजे तीसेक मेंढ्यांचं गवत. शंभर हत्तींचं दल पाळणारी टोळी मग आपोआप विरळ, श्रीमंत आणि नदीकाठ न सोडणारी होते.

या आकड्यांनी एक लाडकं दृश्य मात्र मोडतं: हजारो राहुट्यांचं कायमचं शहर. चाळीस राहुट्यासुद्धा वर्षभर एकत्र राहू शकत नाहीत, कारण मेंढरं सकाळी निघून संध्याकाळी परत येतील एवढ्या टप्प्यातलं गवत काही दिवसांत संपतं. खरा रोजचा तळ दोन-तीन, फार तर पाच-सहा राहुट्यांचा. बाकीची भावकी एक-दोन दिवसांच्या अंतरावर विखुरलेली. म्हणून एकट्या राहुटीला पाहुणा हवाच असतो. बातमी, स्थळ, मीठ, आजाराची खबर, सगळं त्याच्याबरोबर येतं.

आता वर्ष लिहून काढा. माझ्या मते हे एक पान बाकी सगळ्या नकाशांपेक्षा जास्त कामाचं आहे. वसंत हा उपासमारीचा काळ: हिवाळ्यात जनावरं वाळलेली, त्यात कोकरं जन्माला येतायत, माणसं रात्र-रात्र जागी. उन्हाळ्यात दूधच दूध, आणि सगळे एकत्र येतात तेही तेव्हाच. लग्नं, शर्यती, निवाडे उन्हाळ्यात ठेवा. शरदात घोडे माजलेले असतात, धाडी तेव्हा. थंडी पडली, मांस गोठून टिकायला लागलं, की हिवाळ्याची कापणी: जी जनावरं तगणार नाहीत ती मारायची आणि मांसाच्या पट्ट्या राहुटीत टांगून वाळवायच्या. मग डोंगराच्या आडोशाला हिवाळी तळ. तिथे सगळ्यात मोठं भय शत्रूचं नसतं. बर्फ थोडं वितळून पुन्हा गोठतं आणि गवतावर काचेसारखा थर बसतो. घोडा खुराने तो फोडतो, मेंढ्या त्याच्या मागून चरतात, गाईला ते जमत नाही. कुठलं जनावर कुणाच्या मागे सोडायचं हे ज्या म्हातारीला कळतं, तिचा शब्द सरदारापेक्षा वर चालतो. टोळीत बायकांना मान आहे असं नुसतं सांगण्यापेक्षा हे एक दृश्य दाखवा.

मद्याचंही तसंच. हिवाळ्यात भरल्या पिंपांभोवती रोज धिंगाणा, हे पठारावर बसत नाही, कारण पिंप भरायला धान्य लागतं. पठारावरचं पेय म्हणजे आंबवलेलं घोडीचं दूध. ते कसं होतं ते नीट बघा, त्यात अर्धी संस्कृती आहे. दिवसा शिंगरं एका ताणलेल्या दोरीला बांधून ठेवतात, म्हणजे घोड्या लांब जात नाहीत. दर दोनेक तासांनी शिंगरू सोडून आचळाला लावतात. पान्हा फुटला की ते बाजूला ओढायचं आणि माणसाने दूध काढायचं. रात्री शिंगरं मोकळी, नाहीतर ती मरतात. दूध मोठ्या कातडी पिशवीत आधीच्या आंबवणावर ओततात आणि लाकडी रवीने हजारो वेळा ढवळतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन-चार हात मारून जातो. तो न मारणं उर्मटपणाचं. ढवळण कमी पडलं तर ते नासतं. नशा जेमतेम, दोन टक्क्यांच्या आसपास, आणि उन्हाळा ते शरद एवढाच हंगाम. टोळीला हिवाळ्यात दारू प्यायलेली दाखवायचीच असेल तर ती दक्षिणेकडून लुटून किंवा विकत आणावी लागेल, आणि मग ती फक्त सरदाराच्या राहुटीत मिळेल.

नात्यांसाठी आपल्याला फार लांब जावं लागत नाही. भावकी आणि सोयरे हा भेद मराठी वाचकाला रक्तातून कळतो, आणि ज्यांचं देवक एक त्यांची सोयरीक होत नाही हेही. तुमच्या टोळीलाही हाच नियम द्या: मुलगी बाहेरूनच आणायची. त्यामुळे प्रत्येक भावकीला ठरलेली दोन-तीन सोयऱ्यांची घराणी मिळतात, आणि युद्धात कोण आपोआप बाजूने येईल हे लग्नांच्या यादीवरून कळतं. तासितुस या रोमन इतिहासकाराने जर्मन टोळ्यांबद्दल लिहिलंय की बहिणीचा मुलगा मामाला बापाइतकाच जवळचा, आणि ओलीस घेताना काही जण भाचेच मागून घेत. कथानकासाठी ही आयती सोय. वारसाही ठरवून टाका. मंगोलांत थोरले मुलगे आपापला कळप घेऊन वेगळे होत आणि बापाची चूल धाकट्याकडे राही. एवढा एक नियम घातलात की थोरले का भटकतात, का लढायला जातात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सूड मात्र सैल सोडू नका. बहुतेक काल्पनिक टोळ्या इथेच फसतात: जो तो कुणालाही मारतो आणि पुढे काही होत नाही. पोलीस आणि तुरुंग नसलेल्या समाजात खुनाची किंमत ठरलेली असते, नाहीतर पाच वर्षांत कुणी उरणार नाही. इ.स. ५०० च्या सुमारासच्या फ्रँक लोकांच्या कायद्यात स्वतंत्र माणसाच्या खुनाला २०० सोन्याची नाणी दंड होता. तो राजाच्या खास पथकातला असेल तर ६००, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईलाही ६००. त्यांच्याच दुसऱ्या शाखेच्या, नंतरच्या कायद्यात दंड वस्तूंनी फेडण्याचे भाव दिलेत: धडधाकट बैल २ नाणी, ढाल आणि भाला मिळून २, शिरस्त्राण ६, म्यानासकट तलवार ७, चिलखत १२. म्हणजे एक माणूस म्हणजे शंभर बैल. हे एकट्याला झेपत नाही, म्हणून दंड भावकीवर पडतो, आणि म्हणूनच भावकी आपल्या तापट पोरांना आवरते.

आणि फेडता आलंच नाही तर? फ्रँकांच्या त्या पहिल्या, जुन्या कायद्यात एक विधी आहे. खुनी बारा साक्षीदारांसह शपथ घेतो की जमिनीवर किंवा जमिनीखाली आपल्याकडे आता काही उरलं नाही. मग घरात जातो, चारही कोपऱ्यांतली माती मुठीत घेतो, उंबऱ्यावर घराकडे तोंड करून उभा राहतो आणि डाव्या हाताने ती माती खांद्यावरून मागे, जवळच्या नातलगाच्या अंगावर टाकतो. माती पडली त्याच्यावर कर्ज गेलं. स्वतः खुनी नुसत्या सदऱ्यावर, कमरपट्टा नाही, पायात काही नाही, हातात एक काठी, असा कुंपणावरून उडी मारून बाहेर पडतो. असा एक विधी तुमच्या टोळीला दिलात तर युद्धगर्जनेची गरज उरणार नाही. हाच उचलू नका. तुमची माणसं राहुटीत राहतात, त्यांना कोपरेच नाहीत. चुलीची राख, दाराचा पडदा, घोड्याचा लगाम, यांतून तुमचा विधी बसवा.

सुडाला लगाम घालणारा दुसरा नियम पाहुण्याचा. उत्तर अल्बेनियाच्या डोंगरी रिवाजात घर देवाचं आणि पाहुण्याचं मानतात. खून झाला की मारेकऱ्याकडच्यांना २४ तासांचा अभय-शब्द मिळू शकतो, आणि त्या अभयात मारेकरी मृताच्या अंत्ययात्रेला जातो, तिथल्या जेवणालाही बसतो. पुढे तो शब्द ३० दिवसांपर्यंत वाढवून घेता येतो. तुमच्या टोळीत अभय कशाने मिळतं (मीठ, दूध, चुलीला हात), किती दिवस टिकतं आणि मोडणाऱ्याचं काय होतं, या तीन गोष्टी पक्क्या करा. नियम एकदा पाळलेला दाखवा. मोडायचा तो नंतर.

सभा, कायदा वगैरे थोडक्यात उरकतं. लिपी नसेल तर कायदा कुणाच्या तरी डोक्यात असतो. आइसलँडमध्ये ९३० पासून भरणाऱ्या महासभेत कायदा सांगणारा दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणे, तीन वर्षांत पूर्ण. जर्मन सभांना लोक वेळेवर न आल्याने दोन-तीन दिवस फुकट जात. पटलं तर भाले वाजवत, नाही पटलं तर कुरकुर. तुमचा सरदार हुकूम सोडतो आणि सगळे माना डोलावतात, असं एकदाही होऊ देऊ नका. त्याची ताकद वाटण्यात असते. लूट आणली आणि स्वतःकडे ठेवली, तर पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या राहुट्या दुसऱ्याच्या तळावर दिसतील.

जादू असेल तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: ती गवत उगवू शकते का? भगताला बर्फाचा थर वितळवता येत असेल तर खरा राजा तोच.

दक्षिणेचे शेतकरी आणि टोळी यांचं नातं नुसतं लुटीचं ठेवू नका. पठारावर धान्य, कापड आणि पुरेसं लोखंड नाही. दक्षिणेला चांगले घोडे नाहीत. आठव्या शतकात चीनच्या उत्तरेचे उइगुर हे भटके लोक घोडे विकून चीनकडून रेशीम घेत, भाव एका घोड्याला ४० ठाण, आणि घोडे रोडके निघतात म्हणून चिनी दरबाराची सतत तक्रार. आपल्याकडचे धनगर दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे उतरतात तेव्हा शेतकरी त्यांची मेंढरं रात्री शेतात बसवून घेतात; लेंड्यांचं खत शेताला, धान्य किंवा पैसे धनगरांच्या वाड्याला, म्हणजे तळाला. असा वर्षानुवर्षांचा करार तुमच्या सरहद्दीवरच्या गावात घाला. मग शेवटी टोळ्या चालून येतात तेव्हा त्या गावाची गोची होते, आणि ती लिहिण्यासारखी आहे.

आता सात टोळ्या एक करणं. भाषण करून त्या एक होत नाहीत. भावक्या फोडाव्या लागतात. १२०६ मध्ये ओनोन नदीकाठच्या सभेनंतर चंगीझ खानाने आपली माणसं दहा, शंभर, हजार अशा गटांत बांधली. हजाराचे ९५ गट झाले. हरलेल्या टोळ्या वेगवेगळ्या गटांत वाटून टाकल्या, गट सोडायला बंदी केली, आणि बरेच नायक कुळाने नाही तर निष्ठेने निवडले. घोडे राखणारे दोन गडी त्यात हजाराचे नायक झाले. तुमच्या नायकाने हे केलं की आधीची सगळी व्यवस्था, खुनाची किंमत, सोयरीक, म्हातारीचा शब्द, हादरते. त्याचे खरे विरोधक राजधानीत नाहीत, सहा टोळ्यांच्या जुन्या सरदारांत आहेत. त्यासाठी निदान एक भाग राखून ठेवा.

कूच करतानाही गवत मोजा. दहा हजार स्वार, प्रत्येकी चार घोडे, म्हणजे ४० हजार घोडे. दिवसाला दहा किलो वाळकं गवत धरलं तरी ४०० टन. हेक्टरी ४०० किलो खाण्याजोगं गवत मिळालं तर रोज एक हजार हेक्टर, म्हणजे दहा चौरस किलोमीटर साफ. त्यामुळे सैन्य एका रांगेत येत नाही, तीन-चार वाटांनी पसरून येतं आणि ठरल्या जागी मिळतं. बायका, गाड्या, मेंढरं बरोबर असतील तर दिवसाला १५-२० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. निघायचं शरदाच्या तोंडाशी. दक्षिणेचा सेनापती मूर्ख नसेल तर तो पठारावर वसंतात चढाई करील, घोडे हाडकुळे आणि कोकरं अंगावर असताना. आणि शरदात सरहद्दीवरचं वाळलेलं गवत पेटवून देईल, मिंग घराण्याच्या काळात चिनी ठाणी करत तसं. तेव्हा तुमच्या नायकाला जळका पट्टा टाळून नदीच्या ओल्या काठाने यावं लागेल. ती नदी नकाशावर पहिल्या भागातच काढून ठेवा.