पाणी ओसरलं, आता आधी काय? : घरदुरुस्तीची प्रश्नोत्तरे

पावसाळ्यात येणाऱ्या पत्रांत दोन घाया हमखास दिसतात: पुरावा धुऊन टाकायची आणि ओली भिंत झाकून टाकायची. दोन्ही महागात पडतात.

प्रश्न : काल घरात कमरेएवढं पाणी होतं, सकाळी ओसरलं. शेजारी म्हणतात, गाळ ओला आहे तोवर काढा. घराचा विमा आहे. आधी काय करू? (चिपळूण)

शेजारी बरोबरच सांगतात. वाळलेला गाळ काढणं किती जिकिरीचं, हे जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना सांगायला नको. तरी फावडं उचलण्याआधी अर्धा तास द्या.

पहिली वीज. मेन स्विच भिजला असेल किंवा तिथे जायला पाण्यात उभं राहावं लागणार असेल, तर हात लावू नका. महावितरणला सांगून पुरवठा बाहेरूनच तोडून घ्या. दिवा लागतोय म्हणजे वायरिंग ठीक आहे असं नाही, बोर्डांच्या आत गाळ बसलेला असतो. वायरमननं तपासेपर्यंत फ्रिज किंवा पंप ‘जरा लावून बघू’ हा मोह टाळा. ओल्या मोटरला वीज दिली की दुरुस्त होण्यासारखी वस्तू जळून जाते. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

मग मोबाइल. प्रत्येक खोलीचा दारातून फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेशेजारी टेप धरून एक फोटो, उपकरणांवरच्या मॉडेल नंबरांचे फोटो. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. एवढं झालं की खुशाल साफसफाईला लागा. सर्वेक्षक येईपर्यंत गाळात बसून राहा असं कुणीच म्हणत नाही, उलट नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी. फक्त भिजलेला फ्रिज, गाद्या लगेच भंगारवाल्याला देऊ नका, अंगणात एका बाजूला ठेवा. मजुरीच्या, पंपाच्या भाड्याच्या पावत्या जपा.

गमबूट घाला. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा) ताप अंगावर काढायचा नसतो.

प्रश्न : आमचं जुनं मातीच्या भिंतींचं घर पुरात टिकलं. पाणी उतरलंय, आता राहायला जाऊ का? (शिरोळ तालुका)

नको. मातीची भिंत पुष्कळदा पुरात उभी राहते आणि पाणी उतरल्यावर बसते. बाहेरच्या पाण्याचा आधार गेलेला असतो, आतली माती मात्र भिजून जड आणि मऊ झालेली असते. भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, काल लागणारं दार आज घासतंय का, हे बाहेरूनच बघा. यातलं एकही दिसलं तर माहीतगार गवंड्याकडून छपराला टेकू द्या. गुरंही त्या भिंतीलगत बांधू नका.

पंचनामा आत्ताच करून घ्या. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडलं, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. राज्य सरकार कधी वेगळा निर्णय काढून रक्कम वाढवतं. तफावत एवढी आहे, म्हणून कागदावर ‘अंशतः’ लिहिलंय की ‘पूर्ण’, ते सही करण्याआधी वाचा. पंचनाम्यानंतर भिंत बसली, तर फोटो जोडून तलाठ्याकडे पुन्हा अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : वादळात अर्धे पत्रे उडाले, कारागीर मिळत नाही. तोवर मीच वर चढून ताडपत्री टाकू का? (दापोली)

टाका, पण पत्र्यावर पाय न देता. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनानं अचानक फुटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात छपरं दुरुस्त करताना लोक पडून जायबंदी झाले ते असेच. शिडी आणि आडव्या फळ्या वापरा, एकटे चढू नका, आणि विजेची तार छपरावर पडलेली नाही याची आधी खात्री करा. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या उतारापर्यंत न्या. ती आढ्याशीच संपवली तर पाणी खालून शिरतं. दोर वाशांना बांधा, दगडांच्या भरवशावर राहू नका. वारा दगडासकट ताडपत्री उचलतो.

प्रश्न : गृहकर्ज घेताना बँकेनं विमा काढला होता. तो चालेल ना? (पुणे)

पॉलिसी काढून वाचा. पुष्कळदा तो विमा कर्जदाराच्या जिवाचा असतो, भिंतींचा नव्हे. घराचा असेल तर तो बहुधा ‘भारत गृह रक्षा’ असेल. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ही पॉलिसी द्यावीच लागते. तिच्यात पूर, वादळ, भूस्खलन येतं. घरातलं सामानही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, आपोआप धरलेलं असतं. दागिने त्यात नाहीत. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागात दाद लागली नाही तर पुण्यातच विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : गणपतीआधी रंग उरकता येईल का? (महाड)

भिंत सांगेल. फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावा, सकाळी बघा. आतून दव धरलं असेल तर ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफ पुट्टी अजिबात नको. आतली ओल कोंडते, खार फुटतो आणि पोपडे सुटतात. पोपडलेला गिलावा खरवडून टाका, दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, पंखा चालू ठेवा. अगदीच राहवत नसेल तर चुन्याचा हात मारा, त्यातून भिंत वाळत राहते. ऑइल पेंट दिवाळीनंतर.