येमेनी घोयरा पाळताना
भारतातील घोयरा सरडा (शॅमेलिऑन) वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित असल्याने तो पाळता येत नाही. परदेशात राहून कायदेशीर पैदाशीतला येमेनी घोयरा पाळणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे तो सहसा वळत नाही, पानांवरून ओघळणारे थेंब मात्र टिपतो. त्यामुळे जाळीच्या पिंजऱ्यात रोज पाणी फवारावे. विष्ठेसोबतचा पांढरा भाग गडद केशरी दिसू लागला किंवा डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

माझ्या पहिल्या घोयऱ्याचे पुढचे पाय फांदी धरताना थरथरू लागले, तेव्हा मला कळले की पिंजऱ्यावरचा दिवा लख्ख दिसत असला तरी त्यातली यूव्हीबी (अतिनील) किरणे कधीच क्षीण झाली होती. ती नसली की ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडतात. म्हणून दिवा मुदतीत बदलावा, रातकिड्यांना आधी पालेभाजी खाऊ घालावी आणि त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरून मगच ते द्यावेत.

मादी नराविनाही अंडी घालते. तिला ओलसर वाळूची खोल कुंडी न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावू शकते.