विंडोज ७, १० की ११? दुकानातल्या दोन मशीनसाठी माझं उत्तर

अमळनेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचं टायपिंग, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. एका मशीनवर विंडोज ७, चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. दुसऱ्यावर विंडोज १०, दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. "सातच बेस्ट, अकरा जड पडतं" असं सगळे सांगतात, मग काय ठेवावं?

भाऊ, जड-हलकं हा मुद्दा नंतर बघू. आधी विंडोजचं बटण धरून आर दाबा, सीएमडी (cmd) लिहा, एंटर मारा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत व्हेर (ver) टाइप करून एंटर मारा. विंडोज ७ वर ६.१ असा आकडा येईल. एक्सपीवर ५.१ यायचा, व्हिस्टावर ६.०, पुढे ८ वर ६.२ आणि ८.१ वर ६.३. विंडोज १० वर १०.० येतो आणि ११ वरही १०.०च, फक्त त्यापुढचा बिल्ड क्रमांक २२००० किंवा त्याहून मोठा असतो. नाव बदललं म्हणजे आतला पायाही बदलला असं नसतं, ते इथे कळतं.

पाया हलला तो ५ वरून ६ वर जाताना, म्हणजे २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हा. ग्राफिक्स ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग किंवा प्रिंटर विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम) रचना बदलली, ६४ बिट आवृत्तीत डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर बंद झाले, प्रोग्रॅमला मनमानी करण्याआधी परवानगी मागावी लागू लागली. त्या वर्षी जळगावात कुठल्याही दुकानात जा, कुणाचा प्रिंटर चालत नव्हता तर कुणाचा स्कॅनर. त्यात ५१२ एमबी रॅमची मशीनं, म्हणून व्हिस्टाचं नाव खराब झालं. पुढे, ऑक्टोबर २००९ मध्ये, ७ आलं ते त्याच पायावर. तोवर ड्रायव्हर तयार झाले होते, रॅम स्वस्त झाली होती, आणि मायक्रोसॉफ्टने बराच फापटपसारा आवरलाही होता. लोक ७ ला मानतात ते योग्यच आहे. पण त्यातली निम्मी मेहनत व्हिस्टाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

मराठीचंही तसंच. एक्सपीवर मंगल फॉन्टमध्ये नीट मराठी दिसायला रिजनल सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि वर एक्सपीची सीडी मागायचं. सीडी नसली की जोडाक्षरं फुटलेली. व्हिस्टापासून ही कटकट गेली. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये ठरलं, ते ७ ला नंतर अपडेटमधून मिळालं. तुमच्या मशीनवर त्या जागी चौकोन दिसत असेल तर ते अपडेट राहिलंय. आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० मध्येच २०१९ च्या मे अपडेटपासून आला. नवीन मुलगा कामावर ठेवलात तर त्याला इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांच्या जागा पाठ करायचा कीबोर्ड, शिकवत बसायला नको, ही मला १० ची सगळ्यात कामाची गोष्ट वाटते.

८ बद्दल फार लिहीत नाही. स्टार्ट बटण काढलं, लोक चिडले, ८.१ मध्ये ते परत आलं. पण ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप १० आणि ११ मध्येही आहे. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. म्हणून प्रिंटर अडकला की शटडाउन करून परत चालू करण्यात अर्थ नाही, रीस्टार्टच करा.

"मना कंप्युटर भलता हळू चालस भो" म्हणत १० घातलेलं मशीन लोक घेऊन येतात तेव्हा मी टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना बघतो. बहुतेक वेळा तिथे १०० टक्के दिसतं. जुनी फिरती हार्ड डिस्क १० आणि ११ च्या पडद्यामागे चालणाऱ्या कामांना पुरतच नाही. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकली की तेच मशीन तेच विंडोज घेऊन पळतं. म्हणून जडपणाचा दोष आधी डिस्कला द्या.

आता ११. इथे आतला पाया १० चाच आहे, पण दारावरची अट कडक केली: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूटला (चालू होतानाच विंडोज खरं आहे का ते तपासण्याची सोय) चालणारं मशीन, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा. ३२ बिटचं ११ निघालंच नाही. डाळ मिलमध्ये किंवा आडतीवर अजून डॉसमधला फॉक्सप्रोचा (जुना डेटाबेस प्रोग्रॅम) हिशेब चालतो, तो ३२ बिटच्या १० पर्यंत कसाबसा चालायचा. ६४ बिटवर तो डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममधूनच चालवावा लागतो.

तुमचा आय-फाइव्ह या अटीत बसतो. "टीपीएम नाही" असं आलं तर घाबरू नका, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं आतलंच टीपीएम, बंद असेल, ते चालू करा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून मिळणारी जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. तेव्हा या मशीनवर ११ टाका. उजव्या क्लिकचा मेनू अर्धवट दिसेल; आठवडाभरात हात बसतो.

आय-थ्रीवर मात्र पैसे घालू नका. ७ च्या प्रॉडक्ट की वर (लायसन्सच्या क्रमांकावर) १० चालू व्हायचं, ती सोय २०२३ मध्ये बंद झाली, आणि जुगाड करून ११ घातलेलं मशीन उद्या कुठल्या अपडेटला अडेल याचा भरवसा नाही. त्यावर ७ च राहू द्या, जुन्या फॉन्टमधल्या पत्रिकांच्या फायली तिथेच छापा, पण नेटची केबल काढून टाका. ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले आणि क्रोमची १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती. तुमच्याकडे लोक विश्वासाने आधार, पासबुक, सातबारा देऊन जातात. ते स्कॅन अशा मशीनवर नेट जोडून ठेवणं मला अजिबात पटत नाही. फॉर्मचं सगळं काम आय-फाइव्हवरच करा.

११ टाकण्याआधी फॉन्टचं फोल्डर आणि ग्राहकांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि प्रिंटरचं मॉडेल इथे लिहा, १० वर सिस्टिम टाइपमध्ये ३२ बिट दिसतं की ६४ तेही लिहा. ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का ते बघून सांगतो.