बास गिटारवर साधं वाजवणारा म्हणजे स्किल कमी असलेला का?
नाही, अजिबात नाही, बासचं पहिलं काम ड्रमच्या किकबरोबर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याबरोबर) बसून गाण्याचा पाया धरणं हे आहे आणि चारच नोट्स अचूक वेळेवर, सारख्या जोराने तीन मिनिटं वाजवणं भल्याभल्यांना जमत नाही, मेट्रोनोम (ताल मोजून ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून बघा लगेच कळेल. नोट कधी बंद करायची हे पण टेक्निकच आहे, तिकडे कोणी लक्षच देत नाही. मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा बासिस्ट डक डन ऐका, किती कमी वाजवतो आणि तरी सगळं गाणं त्याच्यावर चालतं. फक्त याचा अर्थ सराव सोडा असा घेऊ नका, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासिस्ट जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा पण त्याच्या लाईन्स बसवायला घेतल्या की घाम फुटतो.