घरच्या तळ्यातली जलपर्णी एकदाच मारून कायमची घालवायची आहे. कोणतं औषध फवारावं?

कोणतंच नाही.

तुम्ही लिहिलंय की दोन एकरांचं घरचं तळं आहे, अर्ध्याच्या वर जलपर्णी पसरलीय, खाली पाण्यात गवतही वाढलंय, मासे सोडलेले आहेत आणि "एकदाच मारून विषय संपवायचा आहे". हे शेवटचं वाक्य आमच्या घरात मी इतकं ऐकलंय की या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय झोप लागणार नाही. असं बोलणारा माणूस बहुधा औषध विकणारा असतो. आमच्याकडे तो घरातलाच आहे, माझे धाकटे दीर. तालुक्याला कृषी केंद्र आहे त्यांचं, आणि शेतकीची पदवीही आहे. पदवीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पुढे तोच मुद्दा होता.

आम्ही साकोलीच्या बाजूचे, जिल्हा भंडारा. आमच्याकडे अशा शेतातल्या तळ्याला बोडी म्हणतात. धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला आमची एकरभराची बोडी आहे, आजेसासऱ्यांच्या वेळची. मोठे तलाव मालगुजारांचे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचे होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ते सरकारकडे गेले, त्यांनाच आता मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. बोड्या मात्र ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यात राहिल्या. आमच्या बोडीच्या वर असाच एक मामा तलाव आहे. पावसाळ्यात त्याचा सलंग (सांडवा) वाहायला लागला की पाण्याबरोबर त्यातलं सगळं आमच्याकडे उतरतं. जलकुंभी (आमच्याकडे हेच नाव) अशीच आली. पहिल्या वर्षी कोपऱ्यात चार रोपं होती, त्यांना जांभळी फुलं. सासूबाईंनी ती देवाला वाहिली.

दुसऱ्या वर्षी देव पुरे पडेना. पाणी कोमट असेल आणि वरून खतमाती येत असेल तर ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तुमचं तळं अर्धं भरलंय म्हणताय, म्हणजे पूर्ण भरायला पंधरा दिवस पुरतात. उत्तरं वाचण्यात फार वेळ घालवू नका. माझंही जरा लांबणार आहे.

आमच्या बोडीत मासे धरायला एक ढीवर काका येतात, अर्धेलीने (अर्ध्या वाट्याने). त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, "बाई, ओढून काढा. पाणी उतरलं की ओढायची, तोपर्यंत काठाची निवडत राहायची." भावोजींना ते ऐकूनच हसू आलं. मजूर किती लागतील, मजुरी किती जाईल, त्यापेक्षा दोन पंप मारले की झालं. औषध म्हणजे टू-फोर-डी, धानात रुंद पानाच्या तणावर मारतात तेच. मी म्हटलं, एवढं सगळं मरून जाणार कुठे? त्यावर उत्तर आलं, "वहिनी, हे शास्त्र आहे." मामाजी (सासरे) म्हणाले शिकलेला आहे तो, मारू दे. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे चहा मागितला.

कोजागिरीच्या आधी फवारणी झाली. दिसायला झकास काम झालं, हे मान्य करते. चार-पाच दिवसांत देठ पिळवटले, पानं तपकिरी पडली. भावोजींनी आधीचा आणि नंतरचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लावला, दुकानात चार गिऱ्हाइकांना दाखवला. वाऱ्याने औषध धुऱ्यावरच्या तुरीवरही गेलं आणि तुरीचे शेंडे वेडेवाकडे झाले, पण ती तूर माझी होती, त्यामुळे तिचा फोटो कुणी काढला नाही. मग तो सगळा पसारा हळूहळू पाण्यात बसला आणि पाण्याला वास यायला लागला, गोठ्यातल्या तुंबलेल्या मोरीसारखा.

त्यानंतर दोन दिवस आभाळ भरून आलं. तिसऱ्या दिवशी पहाटे काका सांगायला आले की मासे वर तोंडं काढताहेत. आम्ही पोचेपर्यंत रोहू आणि कटला उलटे झाले होते. मृगळ दिवसभर वर येत राहिले. बगळे, कावळे, गावातली कुत्री, सगळ्यांची दिवाळी आमच्याकडे झाली. मरळ मात्र जगले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमचं भांडण इथूनच सुरू होतं.

भावोजींचं म्हणणं आजही असं आहे की मासे ढगांनी मेले, औषधाने एकही मासा मेला नाही. यातलं दुसरं वाक्य खरं असावं. विष असतं तर मरळही गेले असते. मरळ तोंड वर काढून हवेतला प्राणवायू घेतो, त्यामुळे पाण्यातला संपला तरी तो तगतो. रोहू-कटल्याला ती सोय नाही. म्हणजे मासे गुदमरून गेले, हे आम्हा दोघांनाही कबूल. पण पाण्यातला प्राणवायू खाल्ला कुणी? ढग त्याच वर्षी पहिल्यांदा आले होते का? ढगाळ दिवसांत पाण्यातली शेवाळं आणि वनस्पती प्राणवायू कमी तयार करतात, रात्री सगळेच तो वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. एवढा हिशेब कुठलंही तळं दर पावसाळ्यात निभावून नेतं. आमच्या बोडीच्या तळाशी मात्र एकरभर जलकुंभी कुजत होती, आणि कुजवणारे जिवाणू तोच प्राणवायू वापरतात. एका पहाटेला लागणारी शिल्लक त्यांनी आधीच संपवली होती. ढगांनी फक्त तारीख ठरवली.

हे मी तेव्हाही सांगितलं होतं, इतकं नीट मांडता आलं नव्हतं एवढंच.

उलटून आणखी एक नुकसान झालं. जलकुंभीने वर्षभर जे नत्र-स्फुरद शोषून अंगात साठवलं होतं, ते कुजून पुन्हा पाण्यात सुटलं. पुढच्या पावसाला चिखलातून नवी रोपं उगवली तेव्हा त्यांना खत तयार होतं. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं टिकतं, आणि झाडावर मारलेलं औषध त्या बियाला काही करत नाही. "कायमचं" जायला तुमच्या तळ्याला पंधरा-वीस वर्षं लागतील. मधली कामं कुणी करायची ते आत्ताच ठरवा.

आम्ही काय करतो ते सांगते. फाल्गुन-चैत्रात पाणी उतरलं की काढायची. नायलॉनच्या जाड दोराला बांबू बांधून तो पाण्यावर तरंगता ठेवायचा, दोन्ही काठांवरून माणसांनी धरायचा आणि सगळा थर एका बाजूला रेटत आणायचा. मध्ये डोंग्यातून एकजण सुटलेली रोपं ढकलतो. काठावर आलेली बाया विळ्याने, दाताळ्याने बाहेर ओढतात. हिच्यात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं, त्यामुळे ट्रॅक्टर लावून लांब नेणं म्हणजे पाणी वाहून नेणं. पाळीच्या (तळ्याच्या बांधाच्या) बाहेरच्या उतारावर टाका, आठ-दहा उन्हांत ढीग बसतो. आतल्या उतारावर टाकलीत तर पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात. वाळली की शेणात मिसळून खड्ड्यात कुजवा, चांगलं खत होतं. तळ्यात गावाचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर मात्र ते खत भाजीपाल्याला घालू नका, जड धातू ती मुळांत साठवते. काढणी फुलं येण्याआधी झालेली बरी, नाहीतर बियांचा साठा तुम्हीच वाढवाल.

पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. दर आठवड्याला काठाने एक फेरी मारायची आणि दिसेल ते रोप उपटायचं. कंटाळवाणं आहे, फोटो काढण्याजोगं काहीच नाही. ते मी करते. बोडीत पाणी जिथून शिरतं तिथे बांबूची ताटी आणि मागे जाळी लावलीय. वरच्या तलावात जलकुंभी आजही आहे, पण आमच्याकडे ताटीत अडकलेलीच येते. तुम्ही पाणी कुठून येतं हे लिहिलेलंच नाही. बाकी काही केलं नाहीत तरी ते आधी बघा. धानाचा युरिया, गोठ्याचं पाणी, संडासाच्या टाकीचा ओघळ, यातलं काही येत असेल तर तळ्याला रोज ताट वाढून वर जेवणाऱ्याशी भांडण चाललंय तुमचं.

कुणीतरी तुम्हाला भुंग्यांचा सल्ला देईल. भुंगे खरे आहेत. नेओकेटिना नावाचे, फक्त जलपर्णीच खाणारे, १९८० च्या दशकात बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेने ते भारतात आणले. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचंही यावर मोठं काम आहे. मध्य प्रदेशातल्या सारणीच्या धरणात साल्व्हिनिया नावाचं वेगळं तरंगतं तण माजलं होतं, तिथे त्या तणाचा वेगळा भुंगा सोडून पाणी मोकळं केलं. पण याला वर्षं लागतात आणि मोठं, बारमाही पाणी लागतं. जलपर्णीच्या भुंग्याचे कोष मुळांना चिकटून पाण्यात असतात. उन्हाळ्यात आटणाऱ्या बोडीत आधी जलकुंभी वाळते आणि तिच्याबरोबर भुंग्यांची पिढीही. तुमचं तळं आटत नसेल तर विचार करा, दोन एकरांसाठी मी तरी करणार नाही.

पाण्यातल्या गवताबद्दल विचारलंय. त्याला उपाय गवत्या मासा (ग्रास कार्प). १९५९ मध्ये हा मासा कटकला आणला गेला तेव्हापासून आपल्याकडे आहे, बीज सहज मिळतं. हायड्रिला आणि त्याच्यासारखी मऊ पाणगवतं तो भरपूर खातो. जलपर्णीला मात्र तोंड लावत नाही, म्हणून "गवत्या सोडला, उपयोग झाला नाही" अशी तक्रार करू नका. आम्ही एकरी पन्नासेक सोडतो. बोटुकली लहान सोडलीत तर मरळ ती खातील, वीतभर झालेलीच घ्या. सगळं गवत एकदम संपवायच्या नादात जास्त सोडलेत तर ते संपल्यावर त्यांना चारा तुम्हालाच कापून घालावा लागेल. शिवाय काठ उथळ असतील तर गवत कायम येणार, कारण ऊन तळापर्यंत पोचतं. उन्हाळ्यात गाळ काढताना काठ जरा खोल आणि उभे करून घ्या. गाळ शेतात टाका, त्याची वेगळी किंमत लावायला नको.

पाळीवर बेशरमीची झुडपं असतील तर तीही मुळासकट खणा. नुसती तोडून पाळीवर टाकलेली फांदी पुन्हा फुटते, आणि शेळ्या खाऊन संपवतील अशी आशा नको, विषारी आहे.

आता थोडं उलट बाजूने, नाहीतर म्हणाल बाई एकांगी लिहिते. सगळी पाणवनस्पती काढू नका. काठाला थोडी राहू द्या, माशांची पिल्लं तिथेच लपतात. गोंदियाकडे तर सारस अशाच तळ्या-बोड्यांतल्या वनस्पतींत घरटी करतात. कमळ, शिंगाडा ही तणं नाहीत. पाणी पुरेसं टिकत असेल तर शिंगाडा लावून बघा. त्याची पानं पाणी झाकतात, खालच्या गवताला ऊन मिळत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास पैसे येतात. मात्र तो तुम्ही स्वतः लावू नका, ज्यांचं ते पिढ्यांचं काम आहे त्यांना वाट्याने द्या.

आणि औषधाबद्दल. सुरुवातीला "कोणतंच नाही" लिहिलं, ते मासे असलेल्या घरगुती तळ्यासाठी. मासे नसतील, मजूर मिळतच नसतील, पाणी गुरं-माणसं पीत नसतील आणि खालच्या शेतात त्याच पाण्यावर भाजी, तूर, कापूस नसेल, तर फवारणीला माझा विरोध नाही. पण एका वेळी एक तृतीयांशच मारा, ते मेलेलं ओढून बाहेर काढा, दोन आठवडे थांबा, मग पुढचा भाग. डब्यावरचं वाचा, वापर पाण्यात चालतो असं लिहिलं नसेल तर मारू नका. ग्लायफोसेट हे तणनाशक कुणी सुचवलं तर ते फवारणीचा परवाना असलेल्या माणसाकडूनच मारून घ्यायचा नियम २०२२ मध्ये निघाला होता. असं तिसरा-तिसरा भाग करून मारायची सूचना मी त्या वर्षीही केली होती. तीनदा पेट्रोल कोण जाळणार, असं उत्तर मिळालं होतं.

तुमच्या तळ्यात नेमकं काय आहे हे मला अजून कळलेलं नाही. रोप उपटून मुळांसकट फोटो टाका. देठ फुगीर, स्पंजासारखे दिसले तर जलपर्णी. कोबीच्या गड्ड्यासारखं लवदार असेल तर ते गोंडाळ, काम तेच, ओढायला फक्त हलकं.

भावोजींना हे उत्तर कुणीतरी पाठवेलच. त्यांनी खाली ढगांबद्दल लिहायच्या आधी बाकीच्या वर्षी ढग आले तेव्हा रोहू-कटला का मेले नाहीत, ते सांगावं.