हॉन्की टॉंक गायक म्हणजे नेमका कोण? एखाद्याचं आयुष्य सांगून समजावाल का?

तुम्ही विचारलंय की कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकप्रिय गाण्यांत, ‘हॉन्की टॉंक’ हा वेगळा प्रकार कसा काय, आणि असं गाणाऱ्या माणसाची कारकीर्द कशी असते. बहुतेक जण इथे हँक विल्यम्सचं नाव घेतील. मी अर्नेस्ट टबचं घेतो. हा बाबा धड सुरातही लागायचा नाही, तरी चाळीसहून अधिक वर्षं गात राहिला.

आधी शब्दाचं बघू. हॉन्की टॉंक म्हणजे स्वस्तातला, गोंगाटाचा बार. अमेरिकेतली देशभरची दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण टेक्सासमधल्या कित्येक काउंट्यांनी, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांनी, आपापली बंदी चालूच ठेवली. मग हद्द जिथे संपते तिथे, रस्त्याकडेला बार उभे राहिले. वर्धा जिल्हा ओलांडून पुढे आलात की जे दिसतं, त्यावरून कल्पना करा. त्यात तेलविहिरींवरचे कामगार, हातात आठवड्याचा पगार, आणि कोपऱ्यात पाच सेंटचं नाणं टाकलं की गाणं वाजवणारा ज्यूकबॉक्स. पूर्वीच्या कंट्री गाण्यांत घर, आई, देव, डोंगर असायचे. इथे आलेल्या माणसाला स्वतःचं ऐकायचं होतं: बायको सोडून गेली, दुसरीकडे जीव गुंतला, झोप येत नाही.

टब १९१४ सालचा, टेक्सासमधल्या क्रिस्प नावाच्या खेड्यातला. घरी कापसाची शेती. या पोराला वेड लागलं होतं जिमी रॉजर्सचं. रॉजर्स आधी रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, होता, मग गायक झाला आणि १९३३ मध्ये क्षयाने गेला. त्याची खासियत यॉडलिंग, म्हणजे आपल्या किशोरकुमारच्या गाण्यांत आवाज मधूनच उडी मारून वर जातो ना, ते. टब अगदी हुबेहूब तसंच गायला बघायचा. पोटासाठी औषधाच्या दुकानात नोकरी आणि मधल्या वेळात सॅन अँटोनिओच्या रेडिओवर गाणं असं चाललं होतं. रॉजर्सची विधवा, कॅरी, त्याच गावात राहते हे कळल्यावर त्याने सरळ तिला फोन लावला आणि नवऱ्याचा एखादा फोटो मिळेल का म्हणून विचारलं. बाईंनी फोटो तर दिलाच, पुढे नवऱ्याची गिटारही वापरायला दिली आणि १९३६ मध्ये टबच्या पहिल्या रेकॉर्डिंगसाठी शब्द टाकला. त्या रेकॉर्ड्‌स साफ पडल्या. मेलेल्या माणसाची नक्कल कोण विकत घेणार?

मग १९३९ मध्ये टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं आणि यॉडलिंग गेलं ते गेलंच. आवाज खाली उतरला, जाड झाला. दुसरा कुणी गिटार विकून मोकळा झाला असता. टब गाणी लिहायला बसला. त्यातलंच एक ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’. ती निघून गेलीय आणि हा रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालतोय, एवढाच काय तो विषय.

आता यातला माझा आवडता भाग. मी काही वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलीय, म्हणून हा किस्सा वाचला तेव्हा खुर्चीतच हसलो. फोर्ट वर्थमधल्या एका ज्यूकबॉक्सवाल्याने टबला सांगितलं की दुपारी तुझी गाणी बरी चालतात, पण संध्याकाळी बार भरला की गिटार कुणाला ऐकूच जात नाही. हॉलमध्ये जेवणाची पंगत बसली की आमचंही तेच व्हायचं. आम्ही आवाज वाढवायचो आणि मग वधूपक्षाचे काका येऊन शिव्या घालायचे. टबने काय केलं, तर १९४१ च्या एप्रिलमध्ये डॅलसला ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ रेकॉर्ड करताना साध्या गिटारच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार घेतली. वाजवणाराही साधं वाजवणारा, चालीचा हात न सोडणारा. एकेक सूर सुटा, टोकदार, ग्लासांच्या खणखणाटातून वाट काढत जाणारा. गाणं तुफान चाललं, पुढे खप दहा लाखांच्या वर गेला. हॉन्की टॉंकचा म्हणून जो बाज आपण आज ओळखतो, त्याचा बराचसा भाग असा त्या ज्यूकबॉक्सवाल्याच्या तक्रारीतून आला. अर्थात इलेक्ट्रिक गिटार वापरणारा हा पहिलाच नव्हे. पण १९४३ मध्ये नॅशविलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या मोठ्या रेडिओ कार्यक्रमात तो दाखल झाला, आणि जुन्या वळणाच्या त्या मंचावर हे वाद्य रुळवण्यात त्याचा मोठा हात होता.

सुराबद्दल तो स्वतःच थट्टा करायचा. बारमधले शंभरातले पंचाण्णव पुरुष माझं गाणं ऐकून शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगतात की याच्यापेक्षा मी बरा गातो, आणि ते खरंच असतं, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं त्याच्या खपाचं गुपितही यातच होतं.

१९४७ मध्ये त्याने नॅशविलमध्ये रेकॉर्ड्‌सचं दुकान काढलं. कंट्रीच्या रेकॉर्ड्‌स खेड्यापाड्यांत मिळत नसत, म्हणून टपालाने पाठवायची सोय ठेवली. शनिवारी रात्री ऑप्री संपली की दुकानातूनच रेडिओवर कार्यक्रम व्हायचा. त्यात नवख्यांना जागा मिळायची. लोरेटा लिन या गायिकेला सुरुवातीच्या काळात त्याचा मोठा आधार होता, पुढे दोघांनी युगुलगीतंही गायली. हँक स्नो या गायकाला ऑप्रीवर आणण्यासाठीही यानेच खटपट केली. दुकान काढलं त्याच वर्षी, १९४७ च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये टबचा कार्यक्रम झाला. एवढा भव्य हॉल बघून हा म्हणाला म्हणे, इथे गवत बरंच मावेल की!

सगळंच गोड नव्हतं. दारू होती. १९५७ मध्ये पिऊन तो नॅशविलमधल्या एका मोठ्या कार्यालयात रिव्हॉल्व्हर घेऊन शिरला. रोख एकावर होता, गोळी झाडली भलत्यावरच. नशीब, कुणाला लागली नाही. दारूच्या नशेत गोंधळ घातल्याबद्दल अटक झाली. बारमधल्या दुःखाची गाणी रात्रंदिवस गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं असंच झालं. हँक विल्यम्स तर २९ व्या वर्षीच गेला.

टब मात्र टिकला. १९६५ मध्ये कंट्री म्युझिकच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची निवड झाली, आणि त्याच सुमारास एम्फिसिमा, म्हणजे दम लागणारा फुफ्फुसांचा आजार, निघाला. तरी बसमध्ये ऑक्सिजन ठेवून १९८२ पर्यंत हा गावोगाव फिरत होता. गिटारच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘थँक्स’ लिहिलेलं. गाणं संपलं की गिटार उलटी करून प्रेक्षकांना दाखवायचा. सही मागणारा शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबायचा, अशी त्याची ख्याती होती. ६ सप्टेंबर १९८४ ला नॅशविलमध्ये तो वारला.

ऐकायला सुरुवात करायची तर १९४१ चंच ते गाणं घ्या. हेडफोन नको. मोबाईल ओट्यावर ठेवा, शेजारी मिक्सर चालू करा आणि मग लावा. शब्द हरवतील, पण गिटार ऐकू येते.